‘चमकणे’चं इंग्रजी करताना: उजेड, झळाळी आणि विटलेल्या रंगांसाठी नेमका शब्द कसा निवडायचा

काही वर्षांपूर्वी एका साडीच्या दुकानाचा इंग्रजी कॅटलॉग लिहिताना मी पैठणीच्या जरीच्या काठाला ‘ग्लिटरिंग बॉर्डर’ म्हटलं. थोड्याच दिवसांत परदेशातल्या एका बाईंनी विचारलं, ‘ड्रायक्लीनिंगला दिली तर चमकी गळेल का?’ इंग्रजीत ‘ग्लिटर’ हे आपल्या चमकीचंही नाव आहे. हातमागावर विणलेला काठ त्यांना गोंदाने चिकटवलेला वाटला, आणि चूक पूर्णपणे माझ्या शब्दाची होती.

तेव्हापासून या एका विषयाची वही मी वेगळी ठेवली आहे. अनुवाद करणारे, इंग्रजी माध्यमात शिकवणारे, साड्या-दागिने ऑनलाइन विकणारे अशा अनेकांचा मजकूर मी तपासते. चुका त्याच त्याच असतात, कारण सगळे आधी शब्द शोधतात आणि वस्तू नंतर बघतात. खालचा क्रम त्यासाठी आहे. तो उलटा करू नका.

आधीची तयारी

पहिलं काम मराठीतच करायचं आहे. आपल्याकडे सगळं काही नुसतं ‘चमकत’ नाही. वीज चमकते, चांदणी लुकलुकते, पणती मिणमिणते, तलवार तळपते, चिंचेने घासलेला तांब्या लखलखतो, लग्नाचा मांडव झगमगतो, तेल लावलेले केस तुकतुकीत दिसतात. मूळ वाक्यात ‘चमकणे’ असेल तर ते खोडून तिथे नेमकं मराठी क्रियापद लिहा. निम्मं काम तिथेच होतं. मराठी वाक्य ढिलं ठेवून इंग्रजीत नेमकेपणा आणता येत नाही.

दुसरं, शब्दकोश. एका शब्दाला एक शब्द देणारी मराठी-इंग्रजी यादी बाजूला ठेवा. समानार्थी शब्दांचा कोशही आत्ता नको, कारण तो पंधरा शब्द एका रांगेत उभे करतो आणि फरक सांगत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांचा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश घ्या. तिन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यातली व्याख्या वाचून थांबू नका, उदाहरणाची वाक्यं वाचा. शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते तिथे कळतं.

तिसरं, वहीत चार रकाने आखा: शब्द, कशाबरोबर येतो, हलतो की स्थिर, सूर चांगला की वाईट. इंग्रजी शब्द रोमन लिपीतच लिहा. ‘ग्लिसन’मध्ये टी लिहायचा असतो, बोलायचा नसतो. ‘फ्लुओरेसंट’मध्ये यू आधी आणि ओ नंतर. बरेच जण उलटं लिहितात आणि शब्दाच्या सुरुवातीला पिठाचं स्पेलिंग येऊन बसतं.

पायरी १: उजेड वस्तूचा स्वतःचा आहे की बाहेरून पडलेला?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

स्वतःचा उजेड असेल तर ‘शाइन’, ‘ग्लो’, ‘ब्लेझ’, ‘फ्लेअर’ हे शब्द. ‘शाइन’ सूर्याला, दिव्याला आणि चंद्रालाही चालतो. चंद्राचा उजेड उसना असला तरी भाषा त्याला दिवाच मानते. ‘ग्लो’ म्हणजे ज्वाळेविना, स्थिर, बहुधा ऊबदार उजेड: राखेखालचा निखारा, कंदिलाची काच, अंधारातला मोबाइलचा पडदा. ‘ब्लेझ’ म्हणजे मोठी धगधग. ‘फ्लेअर’ म्हणजे एकदम भडकणं, काडी ओढल्यावर होतं तसं.

बाहेरचा उजेड वस्तूवरून परतत असेल तर ‘ग्लीम’, ‘ग्लिंट’, ‘ग्लिसन’, ‘ग्लिटर’. ‘शाइन’ आणि ‘स्पार्कल’ दोन्हीकडे चालतात.

सावध: स्टीलच्या ताटाला ‘ग्लोइंग’ म्हणू नका. वाचणाऱ्याला ते ताट भट्टीतून काढल्यासारखं लाल दिसेल. घासलेल्या ताटाला ‘ग्लीमिंग’.

आणखी एक सावधगिरी ‘लाईट’ची. आपली ‘लाईट गेली’ म्हणजे वीज गेली. ‘द लाइट वेंट’ लिहिलं तर इंग्रजी वाचकाला दिवस कलला असं वाटू शकतं. तिथे ‘पॉवर कट’ लिहा किंवा ‘द लाइट्स वेंट आउट’. आकाशातली वीज म्हणजे ‘लाइटनिंग’, तिच्या स्पेलिंगमध्ये टीनंतर ई नाही. ई घातला की तो ‘फिकं करणे’ असा वेगळा शब्द होतो, केसांचा रंग फिका करण्यासाठी वापरतात तो.

पायरी २: उजेड हलतो का, आणि कसा?

डोळे मिटून वस्तू आठवा. उजेड जागेवर आहे, एका क्षणात येऊन गेला, पुन्हा पुन्हा येतोय, की थरथरतोय?

जागेवर असेल तर ‘ग्लो’, ‘ग्लीम’, ‘शाइन’.

क्षणभरच आला असेल तर ‘फ्लॅश’ किंवा ‘ग्लिंट’. फरक आकाराचा. वीज ‘फ्लॅश’ होते. झुडपामागच्या कोयत्याच्या पात्यावर किंवा चष्म्याच्या काचेवर उन्हाचा बारीक कण उठतो, तो ‘ग्लिंट’.

अनेक ठिपके पुन्हा पुन्हा उठत असतील तर ‘ट्विंकल’, ‘स्पार्कल’, ‘ग्लिटर’. ‘ट्विंकल’ लांबच्या, लहान दिव्यांसाठी: तारे, दरीपलीकडच्या गावातले दिवे. तारे वातावरणातल्या हालचालीमुळे लुकलुकतात. ग्रह सहसा लुकलुकत नाहीत, म्हणून पहाटेच्या शुक्राला ‘ट्विंकल’ लावू नका, ‘शाइन’ बरा. ‘स्पार्कल’ आणि ‘ग्लिटर’ यांत दिसण्याचा फरक थोडा आहे, सुराचा मोठा. ‘स्पार्कल’ जिवंत, आनंदी. ‘ग्लिटर’ कडक, थंड, कधी दिखाऊ. हिऱ्याला दोन्ही लागतात, पण आजीच्या कुडीबद्दल प्रेमाने लिहिताना मी ‘स्पार्कल’ घेईन.

थरथरत असेल तर ‘फ्लिकर’, ‘शिमर’, ‘ग्लिमर’. वाऱ्याने ज्योत आणि बिघडलेली ट्यूबलाईट ‘फ्लिकर’ होतात. एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्त्यावर हवा लहरते आणि तळ्यावर चांदणं हलतं, तिथे ‘शिमर’. मिणमिणणाऱ्या उजेडाला ‘ग्लिमर’. हा शब्द क्षीणपणाचा आहे, म्हणून ‘थोडीशी आशा’ या अर्थाने ‘अ ग्लिमर ऑफ होप’ म्हणतात. भव्य रोषणाईला ‘ग्लिमर’ लिहिणं ही मला दर महिन्याला दिसणारी चूक आहे. ‘ग्लॅमर’शी उच्चार जवळचा असल्यामुळे ती होत असावी.

तपासा: पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे काजव्यांनी भरलेलं झाड दिसतं. त्याचं वाक्य लिहून बघा. एक काजवा ‘फ्लॅश’ होतो. लांबून पूर्ण झाड ‘ट्विंकल’ होताना दिसेल. सगळे काजवे एका तालात उजळत-विझत असतील तर ‘पल्स’. तिन्ही वाक्यांत तुम्ही एकच शब्द लिहिला असेल तर ही पायरी पुन्हा करा.

पायरी ३: पृष्ठभाग कसला आहे?

इथे वेळ घ्या. साड्या, दागिने, भांडी, फर्निचर यांबद्दल लिहिणाऱ्यांचं नशीब याच पायरीवर ठरतं.

ओलं किंवा तेलकट असेल तर ‘ग्लिसन’: पानावरचं दव, कपाळावरचा घाम, तेलाने माखलेली पाषाणमूर्ती. सोपी कसोटी सांगते. नुकती पुसलेली फरशी ‘ग्लिसन’ होते, वाळल्यावर तीच ‘ग्लीम’ होते. कोरड्या सोन्याच्या बांगडीला ‘ग्लिसनिंग’ लावलं की ती ओली होते.

घासूनपुसून लख्ख केलेलं असेल तर ‘ग्लीम’. त्यात स्वच्छतेचा भाव आहे.

रेशमाची मऊ झाक म्हणजे ‘शीन’. मोती, धातू, निरोगी केस यांची आतून आल्यासारखी झळाळी म्हणजे ‘लस्टर’. रंगाचा, छापील कागदाचा, रबराच्या झाडाच्या पानाचा गुळगुळीत चकचकाट म्हणजे ‘ग्लॉस’. तिन्ही नामं म्हणून वापरा. ‘द साडी इज शीनिंग’ असं होत नाही, ‘हॅज अ सॉफ्ट शीन’ असं होतं.

‘शायनी’ हा शब्द जपून. मराठीत दुकानदार ‘शायनिंग आहे बघा’ असं कौतुकाने म्हणतो. इंग्रजीत ‘शायनी’ नव्या नाण्याला आणि बुटांना चांगला, पण झिजून चकाकणाऱ्या पँटच्या बैठकीलाही तोच शब्द, आणि तेलकट नाकालाही. रेशमाला तो लावला की कापड स्वस्त वाटतं.

भिंतीच्या रंगाच्या डब्यावर ‘मॅट’, ‘एगशेल’, ‘सॅटिन’, ‘सेमी-ग्लॉस’, ‘ग्लॉस’ असे शब्द असतात. ही कमीपासून जास्तीकडे जाणारी झळाळीची पातळी आहे. एका माहितीपत्रकात ‘एगशेल फिनिश’चं ‘अंड्याच्या कवचासारखा रंग’ झालेलं मी दुरुस्त केलं आहे. ‘एगशेल’ नावाची रंगछटाही असते, पण शेजारी ‘फिनिश’ असेल तर विषय झळाळीचा.

आता धूपछांव. पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असले की पदर हलवताच रंग पालटतो. याला इंग्रजीत आधीच शब्द आहे, ‘शॉट सिल्क’. ‘सन अँड शॅडो कलर’ असं शब्दशः लिहिलेलं मी वाचलं आहे, आणि त्यातून परक्या वाचकाला काहीही कळत नाही. मोरपीस, साबणाचा फुगा, पाण्यावरचा तेलाचा तवंग यांचे रंगही बघण्याच्या कोनाबरोबर बदलतात, पण ते धाग्यांमुळे नव्हे. त्यांना ‘इरिडेसंट’. मोरपंखी साडी नुसत्या रंगाने मोरपंखी असेल तर ‘पीकॉक ब्लू’ किंवा ‘पीकॉक ग्रीन’ पुरे, ‘इरिडेसंट’ ओढून आणू नका.

पायरी ४: बघणाऱ्याला कसं वाटतं?

उजेड डोळ्यांना खुपत असेल तर ‘ग्लेअर’: समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे, पत्र्यावरचं दुपारचं ऊन. हा शब्द तक्रारीचा आहे. माणसासाठी वापरला की अर्थ ‘रागाने रोखून पाहणे’. ‘द ग्लेअर ऑफ दिवाळी लॅम्प्स’ लिहिलं की सणाची चीड आल्यासारखं वाटतं. ‘डॅझल’ म्हणजे डोळे दिपणं. यात कोणाचे दिपले तेही सांगता येतं, आणि सूर दोन्ही बाजूंना जातो.

चेहऱ्यावरचं तेज ‘ग्लोइंग’ किंवा ‘रेडियंट’. नवरीला ‘युअर फेस इज शायनी’ म्हणालात तर ती टिशू शोधेल. कौतुक पोचवायचं तर ‘यू आर ग्लोइंग’.

डोळ्यांवर मी वहीची दोन पानं खर्च केली आहेत, कारण कथा अनुवादित करताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मराठीत ‘तिचे डोळे चमकले’ एवढं म्हणून भागतं, कारण पुढचं-मागचं वाक्य भाव सांगतं. इंग्रजीत भाव क्रियापदातच बसलेला असतो. आनंदाने ‘स्पार्कल’. मिश्कीलपणाने, मायेने ‘ट्विंकल’, नातवाची खोडी पकडलेल्या आजोबांचे. डोळे भरून आले तर ‘ग्लिसन’. संताप असेल तर ‘फ्लॅश’ किंवा ‘ब्लेझ’. लोभ, ताप किंवा थंड राग असेल तर ‘ग्लिटर’. कावा शिजत असेल, किंवा मनात काही पक्कं ठरलं असेल, तर ‘ग्लिंट’. सावकाराच्या डोळ्यांत ‘ट्विंकल’ घातलात तर तो देवमाणूस होईल आणि कथेचा कणाच जाईल.

तपासा: वाक्यातला भाव एका मराठी शब्दात समासात लिहा: आनंद, लोभ, रडू, राग, मिश्किली. लिहिता येत नसेल तर मूळ परिच्छेद पुन्हा वाचा.

पायरी ५: ऊन, चांदणं, कवडसा

ही थोडक्यात. ‘ऊन’ हवेबद्दल, आनंदाने बोलायचं असेल तर ‘सनशाइन’. प्रकाश म्हणून, झाडाला लागणारं वगैरे, ‘सनलाइट’. ‘उन्हात वाळवू नका’ यात दोन्ही नकोत, नुसतं ‘इन द सन’. कौलातून येणाऱ्या कवडशाची तिरकी रेघ दिसत असेल तर ‘शाफ्ट ऑफ लाइट’, जमिनीवरचा तुकडा दिसत असेल तर ‘पॅच ऑफ सनलाइट’. चांदणं डोळे झाकून ‘मूनलाइट’ करू नका. अमावास्येच्या आसपासचं, चंद्र नसलेलं चांदणं ‘स्टारलाइट’ असतं.

पायरी ६: रंग गेला, पण कशाने?

‘रंग गेला’ हे मराठी वाक्य कारण सांगत नाही. इंग्रजी शब्द कारणावरून ठरतो, म्हणून आधी चौकशी करा.

उन्हाने किंवा काळाने हळूहळू फिका पडला: ‘फेड’. उन्हातले अतिनील किरण रंगाचे रेणू मोडतात आणि पडद्याची खिडकीकडची बाजू आधी विटते.

उन्हाने किंवा रसायनाने पांढरट केला: ‘ब्लीच’.

धुताना रंग पाण्यात उतरला: ‘रन’ किंवा ‘ब्लीड’. इथे आपली सगळ्यात रूढ चूक होते. ‘कापड रंग सोडतं’ याचं ‘द क्लॉथ लीव्हज कलर’ केलं जातं. ‘द कलर रन्स’ लिहा. तो उतरलेला रंग पांढऱ्या शर्टाला लागला तर शर्ट ‘स्टेन’ झाला.

धातू काळवंडला: ‘टार्निश’. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर काळा थर चढतो. चांदी-तांब्याची जर काळी पडते ती अशीच. जरीला ‘फेड’ लागत नाही. हा फरक ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण विटलेला रंग परत येत नाही, काळवंडलेली चांदी मात्र बहुतेक वेळा उजळता येते.

कागद, जुनी लेस, प्लॅस्टिक पिवळं पडलं: ‘यलो’ हेच क्रियापद. काय झालं ते सांगता येत नसेल, नुसता रंग बिघडला असेल, तर ‘डिसकलर’. फूल किंवा पान सुकलं असेल तर विषय रंगाचा उरत नाही. मान टाकली तर ‘विल्ट’, वाळून गेलं तर ‘विदर’.

दिव्याबाबतही हाच न्याय. मुद्दाम मंद केला तर ‘डिम’, संध्याकाळचा उजेड आपोआप कमी झाला तर ‘फेड’, विझला तर ‘गो आउट’. आग ‘फेड’ होत नाही, ‘डाय डाउन’ होते.

सावध: ‘कलरफास्ट’ म्हणजे रंग पक्का. हा शब्द शोभेसाठी लिहू नका, ते ग्राहकाला दिलेलं वचन आहे. कापडाचा उन्हातला टिकाऊपणा १ ते ८ अशा ‘ब्लू वुल’ मोजपट्टीवर तपासतात, धुण्यातला १ ते ५ अशा ‘ग्रे स्केल’वर, आणि दोन्हीत मोठा आकडा चांगला. विणकराने किंवा गिरणीने तपासणीचा कागद दिला नसेल तर ‘वॉश सेपरेटली, ड्राय इन शेड’ एवढंच लिहा.

पायरी ७: फिका झालेला की मुळातच फिका?

‘फेडेड’ म्हणजे पूर्वी गडद होता. नव्या साडीला ‘फेडेड पिंक’ म्हटलं तर ती वापरलेली वाटते. मुळात फिका असेल तर ‘पेल पिंक’ किंवा ‘लाइट पिंक’. आपण बाजारात सर्रास ‘फेंट गुलाबी’ म्हणतो. इंग्रजीत ‘फेंट’ शब्द पुसट रेघेला, क्षीण आवाजाला, मंद वासाला लागतो, कापडाच्या रंगाला सहसा नाही. ‘डिम’ दिव्याला आणि खोलीला, कापडाला नाही. ‘डल’ म्हणजे निस्तेज, बहुतेक वेळा नावडतं. तोच सौम्यपणा आवडीने सांगायचा तर ‘म्यूटेड’. ‘वॉश्ड-आउट’ म्हणजे धुऊन धुऊन जीव गेलेला, थकलेल्या चेहऱ्यालाही लागतो.

पायरी ८: व्याकरण आणि शेवटचा हात

‘ग्लीम’, ‘ग्लिसन’, ‘ट्विंकल’, ‘शिमर’ यांना कर्म लागत नाही, म्हणून ‘द फ्लोअर वॉज ग्लीम्ड’ होत नाही. ‘डॅझल’ला कर्म लागतं. ‘फेड’ दोन्हीकडे चालतो: पडदे ‘फेड’ होतात आणि ऊन पडद्यांना ‘फेड’ करतं. ‘शाइन’चा भूतकाळ सूर्यासाठी ‘शोन’, बुटांना पॉलिश केलं तर ‘शाइन्ड’. ब्रिटिश की अमेरिकन ते सुरुवातीलाच ठरवा, कारण ‘कलर’, ‘लस्टर’, ‘ग्रे’ आणि ‘मॅट’ या चारही शब्दांची स्पेलिंगं दोन्हीकडे वेगळी आहेत.

मग वाक्यातले चमकणारे शब्द मोजा. एका वाक्यात एक पुरे. दोन आले की एक खोडा.

माझ्याकडे आलेलं एक वर्णन असं होतं: ‘शाइनिंग अँड ग्लिटरिंग पर्पल पैठणी विथ सन-शॅडो इफेक्ट, कलर विल नेव्हर गो.’ साडी मागवून खिडकीत उलगडली. उभे धागे जांभळे, आडवे हिरवे. काठावरची झळाळी मऊ, जागेवर राहणारी, ठिपके उठत नव्हते. जर चांदीची. रंगाच्या तपासणीचा कागद नव्हता. एवढं बघितल्यावर शब्द फारसे शोधावे लागले नाहीत: ‘हँडवोव्हन पैठणी इन शॉट सिल्क, पर्पल अँड ग्रीन. द जरी बॉर्डर हॅज अ सॉफ्ट शीन. ड्राय-क्लीन ओन्ली. स्टोअर इन कॉटन. सिल्व्हर जरी मे टार्निश विथ टाइम.’